खर्जाची जागा

पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीच्या आसपासच्या दगडखाणी आणि खडी क्रशर यांनी पुण्यातल्या कितीतरी इमारतींना खडी पुरवली. २०२१ साली वाघोली महापालिकेत आली, पण त्याआधीच तिथे मोठमोठ्या सोसायट्या उठल्या होत्या. या नव्या घरांत एक हौस आता सर्रास दिसते : हॉलमध्ये मोठा टीव्ही, भोवती पाच स्पीकर आणि कोपऱ्यात एक काळा चौकोनी ठोकळा, म्हणजे सबवूफर. एवढे पैसे मोजून आणलेला हा ठोकळा बहुतेक घरांत एक तर घुमत राहतो, नाहीतर ऐकूच येत नाही. मग मालक आवाज वाढवतो आणि खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजतो. यंत्र चांगले असूनही असे का होते, ते पाहू.

'पाच पॉइंट एक' या नावातला शेवटचा 'एक' म्हणजे चित्रपटातल्या खर्जासाठी राखलेला वेगळा मार्ग. साधारण १२० हर्ट्झच्या खालचे स्फोट, गडगडाट त्यातून येतात. घरात सबवूफरवर आणखी एक काम पडते. बाकीच्या लहान स्पीकरांना खर्ज झेपत नाही, म्हणून रिसीव्हर त्यांच्या वाट्याचा खर्जही काढून याच ठोकळ्याकडे धाडतो. त्यामुळे तो चुकीच्या जागी असला, तर युद्धपटच नव्हे, डग्ग्याची घुमारही बिघडते.

आता खोलीकडे वळू. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. म्हणजे ३५ हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ १० मीटर लांब, हॉलच्या दुप्पट. अशी लाट भिंतीवर आपटून परतते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि खोलीत जागच्या जागी उभी राहते. भिंतीपाशी तिचा दाब सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. कोणता स्वर असा उभा राहील याचा हिशेब सोपा आहे : ३४४ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. समजा हॉल १६ बाय १० फूट आहे आणि छत साडेनऊ फुटांवर. लांबीमुळे ३५ हर्ट्झ, रुंदीमुळे ५६ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ फुगतात. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने शेवटचे दोन एकमेकांच्या अंगावर पडतात आणि नेमका त्याच पट्ट्यात तो ओळखीचा 'धूंऽऽ' तयार होतो. आपल्या फ्लॅटांच्या मापांत हा योग वारंवार येतो.

जुन्या वाड्यात हे इतके जाणवत नसे. लाकडी तक्तपोशी, मोठ्या खिडक्या, कायम उघडी दारे यांतून खर्ज थोडा मुरायचा, थोडा निसटायचा. काँक्रीटची भिंत आणि स्लॅब मात्र तो जवळजवळ सगळाच परत फेकतात. यावर दुकानदार भिंतीला लावायचा फोम सुचवतात. दोन इंची फोम टाळीचा खणखणाट शोषतो, १० मीटरच्या लाटेला त्याचा पत्ताही लागत नाही. ते पैसे वाचवावेत.

म्हणून पहिले काम जागा शोधण्याचे. त्याची एक गमतीदार, पण शास्त्रशुद्ध युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खर्जाचे ओळखीचे गाणे लावायचे आणि कान जमिनीजवळ नेऊन भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे प्रत्येक स्वर सारख्या वजनाने आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे ठोकळा ठेवायचा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातला मार्ग तोच राहतो, म्हणून हे जमते. घरचे हसतील, हसू द्यावे. सोफाही भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेता आला, तर निम्मे दुखणे तिथेच कमी होते. मात्र खोलीच्या अगदी मधोमध नको, तिथे ३५ हर्ट्झ गायब असतो.

दोन सबवूफर परवडत असतील तर प्रश्न बराच सुटतो. हार्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली निरनिराळ्या संख्या आणि जागा तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर उत्तम, पण समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोनही फार मागे राहत नाहीत. चारच्या पुढे गेल्याने हाती फारसे लागत नाही. एक टीव्हीखाली आणि एक सोफ्यामागे ठेवला, तर लांबीचा ३५ हर्ट्झ दोघे मिळून दाबून टाकतात आणि रुंदीचा ५६ त्या जागेवरून चेतवलाच जात नाही. एक महागडा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत, हे माझे स्पष्ट मत.

जागा ठरल्यावरची जुळवणी अर्ध्या तासाची. क्रॉसओव्हर रिसीव्हरवर ८० हर्ट्झ ठेवावा आणि सबवूफरवरची त्याची चकती पूर्ण वर न्यावी, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. रिसीव्हरचा चाचणीचा आवाज लावून बसण्याच्या जागी प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणावा, सबवूफरही. मापक 'सी' श्रेणीवर असावा. फेजचे बटण शून्य आणि १८० यांत फिरवून ८० हर्ट्झला आवाज जिथे जास्त भरेल, तिथे सोडावे. रिसीव्हरने सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवले तर ते 'दुरुस्त' करू नये. आतल्या सर्किटमुळे लागणारा उशीर त्याने त्यात धरलेला असतो. आणखी खोलात जायचे तर 'रूम ईक्यू विझार्ड' हा फुकट मिळणारा प्रोग्राम आणि मोजणीचा मायक्रोफोन पुरे. त्या आलेखावरचे उंचवटे कापावेत, खड्डे भरू नयेत. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते आणि लाटेच्या खड्ड्यात ओतलेली शक्ती तिथेच विरते.

आता शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती 'ए' श्रेणीत मोजतात आणि ही श्रेणी ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ८० डेसिबलचा खर्ज मापकावर ५० दिसतो. मोबाइलवरचा आकडा दाखवून 'आम्ही नियमात आहोत' म्हणणारा आणि पलंग थरथरतो म्हणणारा, दोघेही खरेच बोलत असतात. मिरवणुकीतल्या 'डॉल्बी'च्या वादातही हाच गुंता असतो. (रे डॉल्बी यांचे नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी, हे जाता जाता.)

सबवूफरखाली रबराचे पॅड घातले की शोकेसच्या काचा वाजायच्या थांबतात, पण खालच्या घरात जाणारा खर्ज फारसा घटत नाही. तो हवेतून स्लॅबला ढकलतच जातो. फुगलेला स्वर दाबला की मात्र तिथेही तो तेवढाच उतरतो. तेव्हा जुळवणी झाली की ओळखीचा प्रसंग नेहमीच्या आवाजात लावून द्यावा, फराळाचे ताट घेऊन खाली जावे आणि पाच मिनिटे त्यांच्या सोफ्यावर बसून ऐकावे.