रात्रपाळीतील मधुमेह आणि घरचा ग्लुकोमीटर

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टी एकदा पेटली की थांबत नाही, म्हणून या नगरीचे जीवन तीन पाळ्यांच्या घड्याळावर चालते. मधुमेहाचे वेळापत्रक मात्र सकाळी उठणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आखलेले असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांपैकी रात्रपाळी करणाऱ्यांची पहिली अडचण 'उपाशीपोटी' या शब्दापाशी सुरू होते. उपाशीपोटी म्हणजे सकाळी नव्हे, तर किमान आठ तास काही न खाता. मध्यरात्री डबा खाऊन पहाटे घरी परतलेल्या कामगाराने सात वाजता घेतलेली नोंद उपाशीपोटीची ठरत नाही. दिवसाची झोप पूर्ण झाल्यावर, काही खाण्यापूर्वी घेतलेली नोंद त्याहून अधिक उपयोगी असते. मात्र तेव्हाही आठ तासांचा हिशेब पाहावा आणि नोंदीशेजारी पाळी लिहून ठेवावी.

बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर हे सर्वसाधारण लक्ष्य मानले जाते. वृद्धांसाठी वा इतर विकार असलेल्यांसाठी डॉक्टर ते शिथिल करतात. साखर ७० च्या खाली जाणे हा तातडीचा प्रसंग होय. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे. पण भट्टीजवळ घाम सर्वांनाच येतो, त्यामुळे लक्षणांवर विसंबणे धोक्याचे ठरते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने कामावर जाण्यापूर्वी तपासणी करावी. साखर उतरलीच तर शुद्ध असताना तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. पाळी बदलताना औषधाची वेळ मनाने न बदलता डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

तपासणीपूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. आंबा कापलेल्या बोटावरचा रस आकडा चांगलाच फुगवतो. सुई बोटाच्या कडेला टोचावी आणि ती घरातही दुसऱ्याला देऊ नये. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पट्ट्या आणि इन्शुलिन स्कूटरच्या डिकीत ठेवणे म्हणजे दोन्ही वाया घालवणे होय. चांगल्या यंत्रालाही साधारण पंधरा टक्क्यांची चूक मान्य असते. तेव्हा १८० आणि १९५ यांतील फरकाने चिंतित होऊ नये.

छत्तीसगड आणि पूर्व विदर्भासाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या रक्तपेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर नष्ट होतात आणि अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. केवळ वाहक असलेल्यांमध्येही काही चाचणीपद्धती चुकू शकतात. उलट, लोहाच्या कमतरतेमुळे हा आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून वहीतील नोंदी वाढलेल्या आणि अहवाल मात्र उत्तम, असे घडल्यास वहीला खोटे ठरवण्याची घाई करू नये. घरात सिकलसेल असल्याचे डॉक्टरांना सांगावे. तीव्र रक्तक्षयात ग्लुकोमीटरही अधिक आकडा दाखवू शकतो, त्यामुळे अधूनमधून तो प्रयोगशाळेतील तपासणीशी ताडून पाहावा.

आहाराबाबतही यंत्राचा उपयोग होतो. भाताच्या या प्रदेशात 'भात सोडा' हा सल्ला फारसा टिकत नाही. त्याऐवजी एकदा नेहमीइतका भात खाऊन आणि एकदा तो निम्मा करून, सोबत डाळ व भाजी वाढवून, दोन तासांनी नोंद घ्यावी. पट्ट्या स्वस्त नसल्याने रोज बोट टोचण्यापेक्षा अशा निवडक वेळा साधणे परवडते. इन्शुलिन घेणाऱ्यांना मात्र ही काटकसर करता येत नाही.