अर्थविचाराची नव्वद वर्षे

मनुष्याच्या नित्याच्या बोलण्यास अर्थ कसा प्राप्त होतो, हा प्रश्न पुरातन असला, तरी गणिताच्या काटेकोरपणाने त्याची छाननी करण्याचा उद्योग अर्वाचीन आहे. आणि १८९२ पासून १९८२ पर्यंतच्या काळात त्या उद्योगाने केलेल्या वाटचालीचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते, ती ही की, ज्या तर्कशास्त्राने आरंभी व्यवहारभाषेस सदोष ठरवून नामंजूर केले, त्यालाच अखेर तिच्यासाठी आपले नियम बदलावे लागले.

येना येथील गणिताचे अध्यापक गोटलोप फ्रेगे यांनी १८७९ मध्ये तर्काची नवी संकेतलिपी सिद्ध केली, ती गणिताचा पाया निर्दोष करण्याच्या हेतूने. तथापि १८९२ च्या निबंधात त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न भाषेच्या मर्मासच भिडणारा होता. पहाटेचा तारा आणि सायंतारा हे दोन्ही शुक्रच. मग त्या दोहोंचे ऐक्य सांगणाऱ्या विधानाने ज्ञानात भर पडावी आणि पहाटेचा तारा हा पहाटेचाच तारा आहे, या विधानाने काहीच पडू नये, असे का? वस्तू एक असूनही तिच्या प्रतीतीच्या रीती भिन्न असू शकतात, हे त्यांचे उत्तर. शब्दाचा अर्थ वाक्याच्या संदर्भातच विचारावा, असे त्यांनी १८८४ मध्येच बजावले होते. उलट वाक्याचा अर्थ शब्दांच्या अर्थांतून घडतो, हेही तत्त्व त्यांच्याच नावावर जमा आहे. शब्द आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्यांचा अन्वय होतो, असे मानणारे कुमारिल भट्ट आणि शब्द अन्वित अर्थच सांगतात, असे मानणारे प्रभाकर यांचा वाद ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना हा तिढा अनोळखी वाटणार नाही.

फ्रान्समध्ये राजपद उरलेले नसताना 'फ्रान्सचा विद्यमान राजा टकला आहे' असे कोणी म्हटले, तर त्याची वासलात कशी लावावी? बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ मध्ये असे दाखविले की, या वाक्यात असा राजा आहे, तो एकच आहे आणि तो टकला आहे, अशी तीन विधाने दडलेली असून पहिलेच खोटे असल्याने सारे वाक्य खोटे ठरते. तात्पर्य, व्याकरणाचे बाह्य रूप फसवे. १९५० मध्ये पी. एफ. स्ट्रॉसन यांनी हरकत घेतली की, राजाच नसता खऱ्याखोट्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दरम्यान आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ च्या प्रबंधात सत्याची निर्दोष व्याख्या दिली, परंतु ती केवळ कृत्रिम भाषांपुरती. 'हे माझे बोलणे असत्य आहे' असे स्वतःविषयीच बोलू शकणारी व्यवहारभाषा विरोधाभासात सापडणारच, असे त्यांचे मत होते.

हा निकाल फिरविला तो त्यांच्याच शिष्याने. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अध्यापन करणारे रिचर्ड मॉन्टेग्यू यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादले की, तर्कशास्त्रज्ञांची कृत्रिम भाषा आणि लोकांची नैसर्गिक भाषा यांत तात्त्विक महत्त्वाचा भेद मुळीच नाही. 'प्रत्येक मनुष्य' हे पद रसेल यांच्या पृथक्करणात विरघळून जात असे; मॉन्टेग्यू यांनी त्यास स्वतंत्र अर्थ दिला, तो म्हणजे प्रत्येक मनुष्याच्या ठायी असणाऱ्या समग्र गुणधर्मांचा समुच्चय. विशेषनामाचाही अर्थ त्यांनी त्याच जातीचा मानला, म्हणजे त्या व्यक्तीच्या सर्व गुणधर्मांचा समुच्चय. त्यामुळे व्याकरणात समान स्थानी बसणारी पदे अर्थातही समान ठरली आणि जे बाह्य रूप रसेल यांना फसवे वाटले, तेच अर्थाचे विश्वासू मार्गदर्शक ठरले. या विचाराचा मुख्य निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा कर्ता हयात नव्हता. मार्च १९७१ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्याचा खून झाला होता.

या विचाराचा व्याकरणाशी संयोग घडवून आणला तो मुख्यत्वे नोम चॉम्स्की यांच्या शिष्या बार्बरा पार्टी यांनी. पुढची कसोटी मात्र एका गाढवाने लावली. पीटर गीच यांनी १९६२ मध्ये चर्चेत आणलेल्या वाक्याचा आशय असा: ज्या शेतकऱ्यापाशी गाढव असते, तो त्याला झोडपतो. येथे 'त्याला' म्हणजे कोणाला? विशिष्ट गाढव तर कोणतेच अभिप्रेत नाही. आणि 'असते' हे अस्तित्वाचे विधान ज्या उपवाक्यात आहे, तेथेच त्याची हुकमत संपत असल्याने बाहेरचे सर्वनाम निराधार उरते. १९८१ मध्ये हान्स कांप आणि १९८२ मध्ये पार्टी यांच्या शिष्या आयरीन हाइम यांनी स्वतंत्रपणे शोधलेला मार्ग मुळातच निराळा होता: वाक्याचा अर्थ म्हणजे श्रोत्याच्या माहितीत घडणारा पालट. कचेरीतला दफ्तरदार नवे प्रकरण आले की नवा कागद उघडतो आणि पुढच्या नोंदी त्याच कागदावर चढवितो, तसे 'गाढव' हा शब्द नवा कागद उघडतो आणि सर्वनाम त्यावर नोंद करते. अर्थाची व्याख्याच अशा रीतीने स्थिर चित्राकडून गतीकडे वळली.

या नव्वद वर्षांची कमाई बहुतांशी 'प्रत्येक', 'काही', 'नाही', 'जर' अशा लहान शब्दांची आहे. 'दया' किंवा 'ऋण' यांचा अर्थ काय, हे मॉन्टेग्यू यांनी जवळजवळ गृहीतच धरले होते आणि ती थकबाकी मोठी आहे. परंतु एखादे साधे वाक्य सिद्धांतात बसत नसेल, तर दोष प्रथम सिद्धांतात शोधावा, बोलणाऱ्यात नव्हे, ही शिस्त या काळाने घालून दिली. आणि ज्या शास्त्राचा आरंभ भाषेविषयीच्या अविश्वासातून झाला, त्याच्या पदरी ही शिस्त पडावी, हे त्याच्या प्रौढत्वाचेच लक्षण मानले पाहिजे.