बटण दाबण्याआधी बघायला शिका

गुरूविण विद्या नाही, असे आपण म्हणतो. फोटो काढण्यासारख्या कामालाही हे लागू पडते का? अमेरिकेतल्या एका गुरूची ही हकिगत वाचा.

कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे खोरे आहे. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे उंच कडे, मध्ये हिरवी कुरणे. तिथे १९५५ पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ दरसाल फोटोग्राफीचे शिबिर भरत असे. शिकवणारे होते आन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४). त्यांनी या विद्येवर पुस्तकेही लिहिली होती. मग लोक एवढ्या लांब का येत? कारण आपले नेमके कुठे चुकते, हे पुस्तक सांगत नाही. शिबिरात शिष्य आपापली चित्रे मांडत आणि गुरू ती पाहून बोलत. गट लहान असला की प्रत्येकाकडे लक्ष पोचते, आणि दुसऱ्याची चूक पाहून आपणही शहाणे होतो.

त्यांची मुख्य शिकवण अशी, की चित्र आधी मनात तयार व्हावे, मग कॅमेऱ्यात. १९२७ साली ते हाफ डोम नावाच्या सुळक्याचे चित्र घ्यायला गेले. जवळ काचेची एकच प्लेट उरली होती. सुळक्याची भव्यता दिसायची तर मागचे आकाश काळेभोर हवे, असे त्यांनी ठरवले आणि भिंगापुढे गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश गडद उमटले. ते चित्र पुढे फार गाजले.

मनात आलेले चित्र कागदावर उतरावे, म्हणून फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी एक रीत बसवली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा छटा मानायच्या आणि समोरची कोणती वस्तू कोणत्या छटेत हवी, हे आधीच ठरवायचे. मूठभर माती दाबून वाफसा ओळखायचा आणि मगच तिफण धरायची, तसेच हे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज आपल्याही घरात मोबाइल आहे. रोगट पानाचा फोटो आपण कृषी तज्ज्ञांना पाठवतो. फोटो धड नसेल तर निदान चुकू शकते, मग औषधाचा खर्च वाया आणि पीकही हातचे जाते. म्हणून एवढे करा. भिंगावरची धूळ मऊ कापडाने पुसा. भर उन्हात पान पांढरे पडते आणि डाग हरवतात, तेव्हा पानावर सावली धरा. वाऱ्याने हलणारे पान हाताने स्थिर करा. पडद्यावर पानाच्या जागी बोट टेकवा, म्हणजे पान स्पष्ट येते. एक फोटो सबंध झाडाचा घ्या, एक पानाच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या बाजूचा, कारण पांढरी माशी पानाखालीच दडते. डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो.

तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारा एखादा जाणता माणूस असतोच. गावातल्या पाच-सहा जणांनी, त्यात मुली-सुनाही असाव्यात, त्याला एक दिवस बोलवावे. आपापले फोटो त्याच्यापुढे मांडावेत आणि चूक विचारायला लाजू नये. विद्या अशीच हाती येते.