शिष्यवृत्तीचा फॉर्म: ऐकलेलं आणि खरं

बारावीचा निकाल लागला की अंजनगाव सुर्जीत नेट कॅफे आणि सेतू केंद्रांवर पोरांची गर्दी होते. तिथं शिष्यवृत्तीबद्दल जे कानावर पडतं त्यातलं बरंच चुकीचं असतं, आणि त्यापायी गरजू घरांचा हक्काचा पैसा बुडतो.

‘शिष्यवृत्ती फक्त हुशारांना मिळते’ हा पहिला गैरसमज. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या बहुतेक योजना प्रवर्ग आणि उत्पन्न बघतात. खुल्या प्रवर्गालाही राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. ज्यांचं पापळ गाव आपल्याच जिल्ह्यात, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. दोन एकर कपाशीवाल्या घरातल्या पोराला हे माहीत नसावं, याचं वाईट वाटतं.

गुण लागतात ते केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, कॉलेजच्या मुलांसाठी असलेल्या गुणवत्ता योजनेला. तिथंही ‘80 टक्के हवेत’ ही समजूत चुकीची. अट 80 पर्सेंटाइलची आहे, म्हणजे बोर्डात आपल्या शाखेतल्या उत्तीर्णांपैकी वरच्या 20 टक्क्यांत असणं. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला 12 हजार रुपये. जागा मात्र ठरावीक असतात.

‘मुलींना आता सगळंच फुकट’ हेही अर्धवट. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, तेही प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तर. मेस आणि खोलीभाडं त्यात नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ‘फॉर्म भरला, काम झालं’ या समजुतीनं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला तपासला जातो, मग वरच्या कार्यालयात जातो. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला तर अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. मेसेज जातो नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तिथं कॅफेवाल्याचा नंबर असेल तर पोराला पत्ताच लागत नाही. मुदत निघून जाते. म्हणून नंबर स्वतःचा टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणालाही तोच लागतो. शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही.

‘पासबुक जोडलं, त्याच खात्यात पैसे येतील’ असंही नाही. पैसे आधारशी डीबीटीसाठी जोडलेल्या खात्यात जातात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. बापानं कधीकाळी काढून दिलेलं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर रक्कम अडकते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसतं.

दोन्ही सरकारी पोर्टलांवर अर्जाची फी नाही. ‘मंजूर करून देतो’ म्हणून कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. अर्ज भरला असेल तर आजच लॉगिन करा आणि तो कुठं थांबला आहे ते बघा.