मान कुणाच्या हाती देताय?

हल्ली मोबाइलवर एक प्रकार फार फिरतो. बाई पालथी झोपलेली, एक गृहस्थ तिची मान धरून झटका देतात, कडकन आवाज येतो आणि बाई हसत उठते. खाली लिहिलेलं, कायरोप्रॅक्टर. आमच्या मंडळात लगेच चौकशी सुरू, "अगं, आपल्याकडे आहेत का गं हे?"

आहेत. पण त्यांना परवाना कोण देतं, हे कुणीच विचारत नाही.

ही विद्या अमेरिकेतली. डी. डी. पामर यांनी १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला ती सुरू केली. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून १९०६ मध्ये ते तुरुंगातही गेले! पुढे १९१३ मध्ये कॅन्ससने परवान्याचा पहिला कायदा केला. शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४ मध्ये. आता तिथे प्रत्येक राज्यात यासाठी मंडळ आहे. कॅलिफोर्नियाच्या मंडळात सातपैकी दोन सदस्य चक्क सामान्य नागरिकांतले. मला हे फार आवडलं. मंडळाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की परवाना चालू आहे का, कारवाई झाली आहे का, हे घरबसल्या कळतं. अर्थात परवाना आहे म्हणजे उपचार लागू पडेलच असं नाही, डॉक्टरांमध्ये त्यावर आजही वाद आहेत. पण चुकलं तर जाब विचारायला दार तरी असतं.

आपल्याकडे ते दारच नाही. कायरोप्रॅक्टरसाठी वेगळा कायदा नाही, नोंदवही नाही. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ चा कायदा करून परिषद नेमली, २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही ते आहेत.

आमच्या बचत गटातली एक ताई अशाच एका शिबिरात मान 'मोकळी' करून आली. आठवडाभर हाताला मुंग्या. तक्रार करायची म्हणून मी तिच्याबरोबर पावती बघितली, तर त्यावर फक्त 'वेलनेस' आणि रक्कम. ना नाव, ना नोंदणी क्रमांक. शिबिरही उठलेलं. कुणाविरुद्ध लिहायचं, सांगा!

म्हणून आता आम्ही गटात ठरवलंय, आधी विचारायचं: तुमची मूळ पदवी कोणती? नोंदणी कुठल्या परिषदेत, क्रमांक काय? नुसत्या 'डॉ.' वर जायचं नाही. पावतीवर नाव हवंच. आणि हाडं ठिसूळ असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठ दाखवायचीच नाही. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे नंतर चक्कर, मानेत एकदम जोराची कळ, बोलताना जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं असं काही झालं तर बाम चोळत बसू नका, त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा.