पियानो कापून टाकलेलं चित्र

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात चित्रकार देलाक्रुआनं काढलेलं पियानोवादक-संगीतकार शोपँचं तैलचित्र आहे. उंची जेमतेम दीड फूट. विस्कटलेले केस, आक्रसलेल्या भुवया, नजर कुठंतरी लांब. त्याच्या छापील प्रती आमच्या फ्रेमच्या दुकानात अधूनमधून येतात आणि बहुतेक गिऱ्हाइकं म्हणतात, ‘किती दुःखी दिसतो ना हो!’ मला तसं वाटत नाही. हा माणूस वाजवतोय. पियानो तेवढा दिसत नाही, कारण तो कापून टाकलाय.

मूळ चित्र १८३८ सालचं. देलाक्रुआ आणि शोपँ जिवलग मित्र. चित्रासाठी देलाक्रुआनं स्टुडिओत पियानो आणवला होता. शोपँ वाजवतोय आणि मागे बसून लेखिका जॉर्ज सांद ऐकतेय, असा एकाच कॅनव्हासवरचा बेत. चित्र अर्धवटच राहिलं. देलाक्रुआनं ते विकलंही नाही. १८६३ साली तो वारला तेव्हा ते त्याच्याकडेच होतं. पुढच्या दहाएक वर्षांत कुणीतरी त्यावर सुरी चालवली. एका चित्रापेक्षा दोन चित्रांचे पैसे जास्त, हा हिशेब असावा असं मानतात.

आमच्याकडेही लग्नाचा ग्रुप फोटो आणून ‘यातले हे काका उडवा’ म्हणणारे येतात. पण तिथं कात्री लागते ती प्रतीला.

शोपँ लूव्हरमध्ये, सांद डेन्मार्कच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात. तिचा तुकडा त्याच्यापेक्षा बराच मोठा. दोन्ही शेजारी धरले तरी सांधा जुळत नाही. म्हणजे नुसतं मधोमध कापलेलं नाही, भोवतालचा बराच कॅनव्हास गेला. त्यातच पियानो गेला, शोपँचे हातही गेले.

उरलेल्या तुकड्यात कोट म्हणजे घाईनं ओढलेले काळपट फटकारे, मागे नुसता तपकिरी रंग. मेहनत सगळी चेहऱ्यावर, उजेडही तिथंच. बैठकीत वाजवणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडलेल्या आपण पाहतोच की, त्याला कुणी दुःख म्हणत नाही. हाताखालचं वाद्य काढून घेतलं आणि लोकांना तो झुरणारा कलावंत दिसू लागला.

या चित्राचं पेन्सिलीतलं कच्चं रेखाटन सुदैवानं लूव्हरमध्येच शिल्लक आहे. त्यात पियानो आहे, दोघंही आहेत. कुणी विचारलं तर मी शोपँच्या शेजारी या रेखाटनाची प्रत लावायला सांगतो. एकाच माउंटला दोन खिडक्या पाडायला फार खर्च येत नाही.