‘वाऱ्याचा’ शब्द पडद्यावर का मोडतो?

मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांसाठीच्या मराठी ॲपमध्ये ‘वाऱ्याचा वेग’ हे शब्द अटळ असतात, आणि त्यातील आडव्या रेघेचा अर्धा ‘र’ युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात दोन प्रकारे नोंदवता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला (संकेतांक 0931) हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त व शून्य रुंदीचे जोडचिन्ह ठेवून. हे अदृश्य चिन्ह अनावश्यक समजून एखाद्या प्रणालीने भाषांतराच्या फाइलमधून गाळले, की ‘वार्याचा’ असा रफार उमटतो आणि दोष मात्र भाषांतरकाराच्या माथी येतो, जे सर्वस्वी अन्यायाचे आहे. दोन्ही नोंदी डोळ्यांना सारख्याच दिसल्या तरी शोधयंत्रणा त्यांना अनेकदा वेगळे शब्द मानते. म्हणून तपासणीत अक्षराकृतींऐवजी संकेतांक पाहावेत आणि सर्वत्र पहिलीच पद्धत वापरावी.